पंचांगात वसलेला जिल्हा

(हुतात्मा दिनानिमित्त नंदुरबार येथे दिलेल्या स्मृती व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणासाठी आपण जमलो आहोत त्यांची नावं आधी घेतो. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी माणिक चौकातल्या गोळीबारात ही पाच मुलं गेली. शिरीषकुमारला सोळावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २ मार्च १९४३ रोजी, तळोदा तालुक्यातल्या रावलापाणीच्या नाल्यात दुसरा गोळीबार झाला. गुलाम महाराजांच्या मागे आप संप्रदायाची धुरा वाहणाऱ्या रामदास महाराजांबरोबर निघालेले भिल्ल स्त्री-पुरुष तिथे गोळ्यांना सामोरे गेले आणि पंधरा जणांचा जीव गेला. पहिली घटना शाळेच्या पुस्तकात आली, दुसरी बराच काळ डोंगरातच राहिली. आजच्या दिवशी दोन्हींना नमस्कार करून मी विषयाकडे वळतो.

विषय मला दिला गेला तो असा : जिल्ह्यातली प्रेक्षणीय स्थळं आणि पर्यटन. हुतात्म्यांच्या दिवशी पर्यटनावर काय बोलायचं, असा प्रश्न काहींना पडेल. पण माणिक चौकाचंच बघा. बाहेरगावचा पाहुणा एखाद्या एरवीच्या मंगळवारी त्या चौकात आला तर त्याला गर्दी दिसते, दुकानं दिसतात, एक स्मारक दिसतं. फोटो काढून तो पाच मिनिटांत निघतो. तोच पाहुणा ९ सप्टेंबरला आला तर शाळांची मुलं, फुलं, जुन्या घरांतली म्हातारी माणसं आणि त्यांनी वडलांकडून ऐकलेल्या आठवणी हे सगळं त्याला भेटतं. जागा तीच, पण तारीख बदलली की स्थळ बदलतं. माझं आजचं सगळं म्हणणं एवढ्यात आलं. नंदुरबार जिल्ह्यातली पाहण्यासारखी स्थळं नकाशावर शोधू नयेत, ती पंचांगात शोधावीत.

आता हे सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रात पर्यटन म्हटलं की डोळ्यांसमोर कोकण येतं. सातशेवीस किलोमीटरचा किनारा, त्यावरचे किल्ले, माड, खाड्या. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९९८ला, धुळ्यातून आपला जिल्हा वेगळा झाला. एकाला जन्मानंतर सोळा वर्षांनी पर्यटनाची ओळख मिळाली, दुसऱ्याला जन्मतःच ‘मागास’ ही ओळख मिळाली. तेव्हापासून आपल्याकडे पर्यटनाचा कोणताही आराखडा निघाला की तो तारकर्लीकडे किंवा महाबळेश्वरकडे बघून निघतो. तलावात बोट, कड्यावर रेलिंग, एक उद्यान, एक विश्रामगृह.

समुद्राचं एक बरं असतं. तो रोज तिथेच असतो. मे महिन्यात जा, डिसेंबरात जा, तारकर्लीची वाळू जागची हलत नाही. म्हणून तिथे कायमचं हॉटेल चालतं, कायमचा बोटवाला जगतो. आपल्याकडे समुद्र नाही. सातपुड्याच्या दोन्ही बाजूंनी वाहणाऱ्या आपल्या दोन मोठ्या नद्या, तापी आणि नर्मदा, पश्चिमेला समुद्राकडेच जातात. पण समुद्र गुजरातेत लागतो. पूर्वी त्या समुद्राचा माल आणि माणसं मात्र आपल्या दारावरून जात. सुरत बंदर ते बुऱ्हाणपूर हा मुघल काळातला मोठा रस्ता नंदुरबारवरून जायचा. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५च्या नोव्हेंबरात याच वाटेने बुऱ्हाणपूरला गेला. म्हणजे बाहेरचा प्रवासी आपल्या गावाला नवा नाही. तो इथे थांबावा यासाठी काय लागतं, हा प्रश्न नवा आहे.

आराखड्यांतली ही कड्यावरून ‘पॉइंट’ बघण्याची पद्धत आली कुठून? महाबळेश्वर वसवलं गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८२८च्या सुमारास. माथेरानची वाट १८५०मध्ये ह्यू मॅलेटने शोधली. मुंबई-पुण्याच्या साहेबांना उन्हाळ्यात हवा हवी होती. घोड्यावरून सकाळी एका कड्यावर जायचं, संध्याकाळी दुसऱ्या. त्या कड्यांना साहेबांची नावं मिळाली : आर्थर सीट, एल्फिन्स्टन, लॉडविक. तिथे पूर्वीपासून राहणाऱ्या धनगर-कोळ्यांची नावं कुठल्याच कड्याला मिळाली नाहीत. आपल्या सातपुड्यात साहेब हवा खायला आला नाही. तो आला भिल्लांचा बंदोबस्त करायला. १८२५मध्ये जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. पश्चिमेकडचा डोंगर काठी, नाला, सिंगपूर, गव्हाळी, चिखली अशा मेवासी संस्थानिकांकडे राहिला. त्यामुळे आपल्या डोंगराला पॉइंट फुटले नाहीत. इथल्या लोकांनी त्यात देव बघितले, नवस बघितले, आणि त्यांच्याकडे जाण्याच्या तिथी ठरवल्या.

तोरणमाळला मात्र आता पॉइंट आलेत. साधारण साडेअकराशे मीटर उंचीचं ते पठार, यशवंत तलाव, कमळांचं तळं, सीताखाई, सात पायरीचा घाट हे सगळं सुंदर आहे यात वाद नाही. खालून उन्हाने भाजून आलेल्या शहाद्याच्या माणसाला वर गेल्यावर अंगावर चादर घ्यावीशी वाटते. पण एप्रिल महिन्यातल्या कोरड्या दुपारी सीताखाईच्या कठड्याशी उभ्या असलेल्या पर्यटकाला विचारा. ‘यात काय बघायचं?’ असं तोच आपल्याला विचारतो. त्याची चूक नाही. सीताखाईचा धबधबा पावसाळ्याचा. आणि तोरणमाळ हे क्षेत्र म्हणून जागं होतं महाशिवरात्रीला. तेव्हा गोरक्षनाथाच्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात या तिन्ही राज्यांतून माणसं डोंगर चढून येतात. बायाबापड्या पायी, पोरं खांद्यावर, शिधा डोक्यावर. आपल्याला राज्यांच्या सीमा वाटतात त्या डोंगरात नेमक्या कुठे आहेत, हे त्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

चला, वर्षाचा एक फेरा घेऊ. आपलं वर्ष दिवाळीपासून धरतो.

धनत्रयोदशीच्या सुमाराला अस्तंब्याची यात्रा. सातपुड्यातलं हे शिखर सुमारे तेराशेपंचवीस मीटर उंच. अश्वत्थाम्याचा डोंगर. कपाळीची जखम घेऊन तो अजून या रानात हिंडतो आणि वाटेत भेटेल त्याला जखमेसाठी तेल मागतो, ही कथा तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. तळोद्याहून निघालेले जथे रात्रभर चालतात. खालून बघितलं तर दिवट्या आणि बॅटऱ्यांची नागमोडी रांग वर सरकताना दिसते. जाणारे बहुतेक तरुण, बरेचसे आदिवासी, काही गुजरातेतले. इथे ट्रेकिंग हा शब्द चालत नाही. तिथे जाणारा वर्षातून एकदा जातो, नेमाने जातो, आणि बरोबरच्या दमलेल्या माणसाला सोडून पुढे जात नाही. हाच अस्तंबा जानेवारीत एकट्याने चढला तर तो एक चांगला डोंगर असतो, इतकंच.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेडा. तापीकाठचं एकमुखी दत्ताचं देऊळ आणि त्याभोवती भरणारा घोडेबाजार. देशभरातून मारवाडी, काठियावाडी, पंजाबी घोडे येतात. जाणकार माणूस आधी घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघतो. कपाळावर, गळ्याशी, पोटाखाली कुठे भोवरा आहे त्यावरून शुभ-अशुभ ठरतं आणि त्यावरून किंमत. गळ्याखाली देवमन असलेला घोडा, चारी पायांत आणि कपाळावर पांढरं असलेला पंचकल्याणी, गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र नुकरा, मग त्याची रेवाल चाल. हे सगळं बोलणारी माणसं तिथे ओट्यावर, खाटेवर, गवताच्या भाऱ्यावर बसलेली असतात. घोड्यातलं काही कळत नसलं तरी दोन तास त्यांच्याजवळ बसावं. २०१७ साली सरकारने इथे चेतक महोत्सव भरवला, तंबूंची वसाहत उभारली, बाहेरचे लोक आले. त्याचं यश-अपयश बाजूला ठेवू. पण एक गोष्ट सगळ्यांनी बघितली. यात्रा आधीपासून होती म्हणून तंबू भरले. नुसते तंबू उभारून यात्रा भरत नाही.

त्याच थंडीच्या दिवसांत नंदुरबार शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. आपल्याला सवय झाल्यामुळे त्यात बघण्यासारखं काही वाटत नाही. पण एकरच्या एकर जमीन लाल होते, हवेत तिखट तरंगतं, आणि तोंडाला फडकं बांधलेल्या बाया मिरची उलथत, निवडत असतात. राजस्थानातलं वाळवंट बघायला विमानाने जाणारी माणसं ही लाल शेतं बघायला येणार नाहीत, असं मानायचं कारण नाही. फक्त येतील तेव्हा त्यांना सांगावं लागेल की हा कुणाच्या तरी रोजंदारीचा दिवस आहे. बाईच्या तोंडासमोर कॅमेरा धरण्याआधी तिला विचारा.

फाल्गुन आला की होळी. याच्यावर थोडं थांबतो, कारण जिल्ह्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे. काठीची राजवाडी होळी तेराव्या शतकापासून चालत आल्याचं तिथली परंपरा सांगते. काठीच्या आधी डाबला देवांची होळी पेटते, मग गावागावांच्या होळ्या एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने. एका गावची माणसं दुसऱ्या गावच्या होळीला जातात, म्हणून दोन मोठ्या होळ्या एका रात्री येऊ द्यायच्या नाहीत ही जुनी व्यवस्था. आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार : धडगाव, मोलगीकडचा सगळा डोंगर खाली उतरतो. डाळ्या, गूळ, हार-कडे, नवे कपडे, ढोल. ज्यांनी नवस केला आहे ते पालनी पाळतात. खाटेवर झोपायचं नाही, पायात घालायचं नाही, व्रत मोडायचं नाही. त्यांच्यातले बावा-बुध्या अंगावर राखेचे ठिपके काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतात, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधतात. जंगलातून आणलेला उंच बांबू उभा राहतो. रात्रभर नाच आणि होळी पहाटे पेटते.

आता या रात्रीचा अर्थ हिशेबात मांडू. आपल्या जिल्ह्यात दर दहा माणसांतली जवळपास सात आदिवासी. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या डोंगरातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, बांधकामाला, मिठागरावर गुजरातेत जातात. बरेच पाडे निम्मे रिकामे होतात. ही माणसं परत येतात होळीला. ट्रकच्या मागे बसून, एसटीच्या टपावर सामान टाकून, कसंही करून येतात. मुकादमाला माहीत असतं की होळीला हा माणूस थांबणार नाही. म्हणजे काठीची होळी बघायला आलेल्या पाहुण्याला यजमान भेटतात ते त्या तारखेमुळेच. जानेवारीत जाऊन ‘आदिवासी संस्कृती दर्शन’ घडवायचं म्हटलं तर दर्शन देणारी माणसंच सुरतेच्या बाजूला कुठल्यातरी शेतात कोयता घेऊन उभी असतात. तिथीचा मुद्दा श्रद्धेपुरता नाही. त्याच्या पोटात स्थलांतराचं, मजुरीचं, पिकाचं वेळापत्रक आहे. पर्यटन अधिकाऱ्याला हे कळलं नाही तर तो रिकाम्या पाड्यात स्वागतकमान उभारील.

शिवाय सगळ्याच तिथी छापील पंचांगात सापडत नाहीत. वाघदेवाची पूजा, नीलचारी हे सण गाव बसून ठरवतं. पुजारा, कारभारी, पाटील एकत्र आले, पावसाचा आणि कामाचा अंदाज घेतला, मग दिवस ठरला. पावरा घरांतला इंदल तर एखाद्या कुटुंबाच्या नवसाचा. तो रात्रभर चालतो आणि त्याची तारीख त्या घराने ठरवायची. म्हणजे पंचांग दोन आहेत. एक आपल्या खुंटीवरचं, आणि दुसरं गावाच्या चर्चेतलं. दुसरं पंचांग ज्याला वाचता येत नाही त्याने विचारून जावं.

उन्हाळ्यात मोहाची फुलं पहाटे वेचायची, आणि धडगावकडे आंब्याच्या फोडी वाळवून आमचूर करायचा. पावसाळ्यात वाल्हेरीचा धबधबा आणि धडगाव तालुक्यात उदई नदीवरचा बिलगावचा धबधबा. बिलगावबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या धबधब्याखाली आज पोरं रील काढतात, त्याच पाण्यावर २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदानाने आणि केरळातल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने छोटा वीजप्रकल्प उभा केला होता. पाड्यांवर पहिल्यांदा दिवे लागले. ‘स्वदेस’ चित्रपटातल्या वीजप्रकल्पाच्या प्रसंगामागे बिलगावची हीच प्रेरणा होती. २००६च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने आणि पुराने तो प्रकल्प गेला. धबधबा राहिला. तिथे येणाऱ्या पाहुण्याला ही हकीकत सांगणारा एक माणूस आणि एक फलक, एवढं जरी केलं तरी तो धबधबा इतर शंभर धबधब्यांपेक्षा वेगळा ठरेल.

श्रावणात प्रकाशा. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर, दक्षिणकाशी अशी ख्याती. भाविकाला देवळं दिसतात. पण काठावरचं जुनं टेकाड १९५४-५५मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी खणलं तेव्हा तिथे ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती सापडली. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे माणसं मातीची रंगीत भांडी करत होती. काशीचं माहात्म्य आपण सांगतो आणि पायाखालचं हे माहात्म्य सांगायला विसरतो.

बारमाही स्थळं आपल्याकडे अजिबात नाहीत, असं मी म्हणत नाही. शहादा तालुक्यातला उनपदेवचा गरम झरा वर्षभर वाहतो. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात जमीन भेगाळलेली आहे. पावसाचं पाणी खोल मुरतं, तापतं आणि भेगांमधून वर येतं. आणि नवापूरचं रेल्वे स्टेशन तर कुठल्याही दिवशी बघावं. १ मे १९६०ला दोन राज्यं झाली आणि सीमा फलाटावरून गेली. अर्धं बाकडं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. त्यावर बसून फोटो काढायला लोक गाडीतून उतरतात. ठीक आहे, त्यांना उतरू द्या. पण जिल्ह्याचं पर्यटन एका बाकड्यावर उभं राहणार नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. होय, आपल्या जिल्ह्याला किनारा आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा चोपन्न किलोमीटरचा काठ आला आहे आणि तो सगळा आपल्या जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत. सरदार सरोवराच्या पाण्याने या दोन तालुक्यांतली तेहतीस गावं बाधित झाली. मणिबेली पहिली. १९९०च्या दशकात तिथे पाणी चढलं तेव्हा नर्मदेकाठचं जुनं शूलपाणेश्वराचं देऊळही पाण्याखाली गेलं. धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली. २०१८ साली धरणाच्या पुढे १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला आणि केवडियाला पर्यटकांची रीघ लागली. त्याच पाण्याची मागची बाजू आपल्याकडे आहे. पुढच्या बाजूला तिकीटखिडकी आहे, मागच्या बाजूला तरंगता दवाखाना आहे. एकाच जलाशयाची ही दोन टोकं.

या किनाऱ्यावर आता बोटिंग सुरू करावं, तरंगती हॉटेलं आणावीत, अशा सूचना येतात. मी विरोधात नाही. पण दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवा. पहिली : हा किनारा हलतो. सप्टेंबरात पाणी शेतांपर्यंत येतं, उन्हाळ्यात पन्नास-शंभर पावलं खाली सरकतं आणि गाळ उघडा पडतो. समुद्राच्या भरती-ओहोटीचा फेरा दिवसाचा, आपला वर्षाचा. धक्का कुठे बांधायचा हे कागदावर ठरवता येणार नाही, ते तिथल्या नावाड्याला विचारावं लागेल. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. १५ जानेवारी २०१९ला, मकर संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भुषाजवळ नर्मदेत माणसांनी गच्च भरलेली बोट उलटली. सणाला नदीवर आलेली माणसं बुडाली, त्यांत मुलंही होती. ती संक्रांत होती. म्हणजे तिथीच. जी तिथी माणसं आणते तीच तिथी गर्दी करते, आणि जिथे जाकिटं नाहीत, बोटीला मर्यादा नाही, मोबाइलला रेंज नाही, तिथे ती गर्दी जीव घेते. चांदसैली घाटाचंही तेच. पावसाळ्यात दरड कोसळते, यात्रेच्या दिवसांत गाड्या भरून जातात. तिथीचं पर्यटन म्हणजे सगळं वर्ष सैल आणि एक रात्र ताणलेली. ती एक रात्र सांभाळणं हेच खरं नियोजन.

इथे एक रास्त आक्षेप येतो. वर्षातून चार-सहा दिवस पाहुणे येऊन रोजगार कसा मिळणार? हॉटेलचा धंदा चार दिवसांवर चालत नाही. बरोबर आहे. म्हणूनच आपल्याकडे हॉटेलच्या आधी घर यायला हवं. पर्यटन महामंडळाची न्याहारी-निवास योजना कोकणात घरं उघडून चालली. मोलगीच्या घराला वर्षभर पाहुणा नको. होळीच्या आठवड्यात, अस्तंब्याच्या दोन रात्री, पावसाच्या दोन महिन्यांत मिळाला तरी पुरे. बाकी दिवस त्याची शेती आहे, बकऱ्या आहेत. एका घराला वर्षात वीस दिवस पाहुणा मिळाला आणि त्याने दादर ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ खाल्ली, जाताना आमचूर आणि नवापूरची तूरडाळ विकत नेली, तर त्या पैशाने ऊसतोडीची एक खेप टळू शकते. पर्यटनाचं माप हेच असावं : किती खोल्या बांधल्या यापेक्षा किती कुटुंबांची खेप टळली.

दुसरा आक्षेप आणखी खरा आहे. बाहेरचे येतील, कॅमेरे येतील, दारू येईल, होळीचा तमाशा होईल. काठीला आजही काही जण बुध्याच्या अंगावर मोबाइल धरून त्याला पुन्हा नाच म्हणतात. पालनी पाळणाऱ्याला पुन्हा नाच म्हणणं म्हणजे देवळात पुजाऱ्याला आरती पुन्हा कर म्हणण्यासारखं आहे. यावर उपाय पोलिसांकडे नाही, ग्रामसभेकडे आहे. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. २००६च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क दिले. या दोन कायद्यांच्या आधारे ग्रामसभा ठरवू शकते की होळीच्या आवारात कॅमेरा कुठपर्यंत चालेल, गाड्या कुठे थांबतील, पाहुण्याकडून किती वर्गणी घ्यायची आणि ती कशावर खर्च करायची. कायदा आपल्या हातात आहे. त्याचा वापर पर्यटनासाठी करायचं अजून आपण मनावर घेतलेलं नाही.

हे जमतं का? जवळचंच उदाहरण बघा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९०च्या दशकापासून जंगल राखलं. तिथे दरवर्षी पावसाळ्यात वनभाज्यांची स्पर्धा भरते. बाया आपापल्या रानभाज्या शिजवून मांडतात आणि बाहेरची माणसं ते खायला, समजून घ्यायला येतात. दिवस गावाचा, पदार्थ गावाचे, नियम गावाचे. चैत्राम पवारांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्याच्या कितीतरी आधी त्या एका दिवसाने बारीपाड्याचं नाव सगळीकडे नेलं. दुसरं उदाहरण साताऱ्याच्या कास पठाराचं. फुलांच्या हंगामात तिथे दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते, आणि भोवतीच्या गावांच्या समित्या व्यवस्था बघतात. गर्दीला मर्यादा घातली म्हणून कास ओस पडलं नाही. मर्यादेमुळेच फुलं राहिली आणि फुलांमुळे माणसं येत राहिली.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि ती मी याच व्यासपीठावरून जिल्हा परिषदेकडे, महाविद्यालयांकडे आणि तुमच्याकडे मांडतो.

एक : जिल्ह्याचा पर्यटन नकाशा छापण्याआधी जिल्ह्याची दिनदर्शिका छापा. सहा तालुक्यांतल्या यात्रा, होळ्या, भोंगऱ्या बाजार, मिरचीच्या पथाऱ्या, धबधब्यांचे महिने आणि नर्मदेच्या पाण्याची पातळी त्यात यावी. ती बनवण्याचं काम महाविद्यालयातल्या मुलांना द्या. त्यांना भिली, पावरी, मावची, अहिराणी येते, बाहेरून आलेल्या सल्लागाराला येत नाही. जी तारीख गाव सांगू इच्छित नाही ती छापू नका.

दोन : त्या दिनदर्शिकेत २ मार्च ठळक अक्षरांत असावा. माणिक चौकाइतकीच रावलापाणीला जाण्याची वाट नीट व्हावी आणि आपल्या शाळांच्या सहली तिथे जाव्यात. बाहेरच्या पाहुण्याने काय बघावं हे नंतर ठरवू. आपण काय बघितलेलं नाही ते आधी बघू.

तीन : यात्रेच्या रात्रीसाठी जीव वाचवणारी व्यवस्था आधी, कमानी नंतर. बोटीत जाकिटं, घाटात गाड्यांची तपासणी, अस्तंब्याच्या वाटेवर पाणी आणि औषध. झापी-सिंदीदिगरसारख्या गावांतून आजाऱ्याला झोळीत घालून न्यावं लागल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. पर्यटकासाठी केलेला रस्ता आधी झोळीसाठी उपयोगी पडला पाहिजे.

चार : पाहुण्याकडून येणाऱ्या प्रत्येक रुपयाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. ज्या गावची होळी, त्या गावचा पैसा.

यातलं काहीही करायला मोठा निधी लागत नाही. दिनदर्शिकेला तर छापखान्याचा खर्च सोडला तर काहीच लागत नाही. पुढच्या दिवाळीच्या आत, अस्तंब्याचे जथे तळोद्यातून निघण्याआधी, सहा तालुक्यांची मिळून एक दिनदर्शिका आपण काढू शकतो. समोर बसलेल्या प्राध्यापकांपैकी आणि विद्यार्थ्यांपैकी कोण किती गावं घेतं, हे आज या सभागृहातून बाहेर पडण्याआधी ठरवूया. नावनोंदणीचा कागद मागच्या टेबलावर ठेवायला मी संयोजकांना सांगितलं आहे.